पुठ्ठ्याआड

फॉर्मवर तीन चौकोन होते. पहिल्यापुढे ‘पीडित’, दुसऱ्यापुढे ‘आरोपी’ आणि तिसऱ्यापुढे ‘इतर : स्पष्ट करा’. स्पष्ट करायला अर्धी ओळ ठेवली होती. उरलेली अर्धी दवाखान्याच्या शिक्क्याने खाल्ली होती. ती पेन धरून बसली. काउंटरवरच्या बाई स्टेपलरमध्ये पिना भरत होत्या आणि दर पिनेगणिक तिच्याकडे एकदा बघत होत्या. शेवटी ती उठून काउंटरपाशी गेली आणि विचारलं, “यात बायको कुठे येते?” “कुणाची बायको?” बाई म्हणाल्या. “आरोपीची.” हे तिला हवं होतं त्यापेक्षा मोठ्याने बोललं गेलं. खुर्चीवर पाय हलवत बसलेल्या माणसाचे पाय थांबले. बाईंनी मात्र आवाज खाली आणला. “इतरमध्ये टाका ना. सगळे तिथेच टाकतात.” सगळे म्हणजे कोण, हे तिला फार विचारावंसं वाटलं. त्या सगळ्यांना एका खोलीत बसवलं असतं तर ती तिथे जाऊन गुपचूप कोपऱ्यात बसली असती. तिने पेन टेकवलं, ‘प’ लिहिला, आणि पत्नी हा शब्द पुढे सरकेना. “मी जरा कामावर जाऊन येते,” ती म्हणाली. कामावर जाऊन येते, म्हणजे जशी काही वाण्याकडे निघाली होती. “मॅडम साडेचारपर्यंत आहेत,” बाई म्हणाल्या, “फॉर्म तेवढा भरून आणा.” तिने फॉर्मची चौघडी केली आणि पांढऱ्या कोटाच्या खिशात टाकली. कोट काढून यायचं राहिलं होतं, हे तिला रस्त्यावर आल्यावर कळलं.

चालत अकरा मिनिटांचं अंतर. हा चौथा दवाखाना. माणूस चपला घ्यायला गेला तरी तिसऱ्या दुकानात काहीतरी पायात चढवून बाहेर पडतो. तिला मात्र सात महिन्यांत मनाच्या डॉक्टरांपैकी एकही पायात बसला नव्हता. सात महिन्यांपूर्वी तिच्या नवऱ्याला धरून नेलं होतं. तो कपड्यांच्या मोठ्या दुकानाचा मॅनेजर होता. ट्रायल रूममध्ये कपडे अडकवायच्या हुकात त्याने कॅमेरा बसवला होता, दोन वर्षं. सदतीस बायका पोलिसांना ओळखता आल्या होत्या, बाकीच्या आल्या नव्हत्या. खटला चालू होता, तो तुरुंगात होता आणि ती महिन्यातून दोनदा काचेच्या या बाजूला बसून फोनवर त्याच्याशी पाठीच्या दुखण्याबद्दल बोलत होती. काचेपलीकडे तो पूर्वीसारखाच दिसायचा. हेच तिला सहन व्हायचं नाही. काहीतरी बदलायला हवं होतं, निदान केस. उलट त्याची मान वळवायची लकब बघितली की तिच्या पोटात अजूनही पूर्वीसारखंच काहीतरी हलायचं, आणि मग तिथून बाहेर पडल्यावर बसस्टॉपवर तिला स्वतःची शिसारी यायची. हे कुणाला सांगायचं? वन्संना सांगायची सोय नव्हती. नणंदच ती, भाऊ तिचा. पण डॉक्टरांचे नंबर शोधून देणारीही तीच. “वहिनी, तू मन मोकळं कर,” ती फोनवर म्हणायची, “फक्त दादाबद्दल वाईट काही बोलू नकोस हं तिथे.” आणि सासूबाईंना तर दाताच्या डॉक्टरकडे जाते असंच सांगितलं होतं. सासूबाई दर वेळी तिच्या तोंडाकडे निरखून बघायच्या. “सात महिने झाले, तुझे दात अजून कोरतोय का तो? दुसरा बघ.” ती दुसरा बघतच होती.

पहिला डॉक्टर तरुण होता, टेबलावर कागदी रुमालांचा डबा तिच्याकडे तोंड करून ठेवलेला. पाचव्या मिनिटाला त्याने विचारलं, “तुम्हाला कधीच संशय आला नाही?” त्याने पेन वर उचलून धरलं होतं. तिने पोलिसांना दिलं होतं तेच उत्तर दिलं, “मला काही माहीत नव्हतं,” आणि त्याने ते लिहून घेतलं. उत्तरातला शब्द न् शब्द खरा होता. दुसऱ्या बाई वयस्क होत्या, आवाज मऊ, पडदे जाड. त्यांच्याकडे मन लागेल असं वाटलं होतं. पहिल्या दिवशी बाहेरच्या खोलीत एक मुलगी बसली होती, मांडीवर बॅग घट्ट धरून, बाहेर इतका उकाडा असताना गळ्यापर्यंत बटणं लावून. दुसऱ्या खेपेला बाई दारातच म्हणाल्या, “मला तुमचं काम घेता येणार नाही. कारण सांगता येत नाही, माफ करा.” कारण सांगायची गरज नव्हती. ती मुलगी त्या सदतीस जणींपैकी असणार, हे त्या बटणांवरूनच ती समजली होती. तो जिना ती कठड्याला धरून उतरली आणि त्या मुलीचे बूट आठवत राहिली, तपकिरी, एका बुटाची नाडी तुटून गाठ मारलेली. तिसरे गृहस्थ फार सज्जन होते. ती बसते न बसते तोच ते म्हणाले, “आधी एक गोष्ट लक्षात घ्या, यात तुमची काहीही चूक नाही.” तिने अजून तोंड उघडलं नव्हतं. तिच्या धंद्यात याला एकच नाव होतं: आवाज वाजवायच्या आधी आलेख भरणं. असं करणाऱ्याला सर पहिल्याच आठवड्यात घरी पाठवत.

तिचा धंदा म्हणजे लोकांचे कान तपासायचे. सर कानाचे डॉक्टर. ते कानात डोकावत, आणि किती ऐकू येतं हे ती मोजत असे. एकोणीस वर्षं. आत एक आवाजबंद खोली, तिच्या भिंतींना जाड फोम, दाराला फ्रीजसारखं रबर, आणि मध्ये दुहेरी काचेची खिडकी. माणूस आत, ती बाहेर मशीनपुढे. माणसाच्या कानावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबा, कितीही बारीक असू दे. त्याने दाबलं की तिच्या मशीनवर दिवा लागतो. दोन आवाजांमधलं अंतर कधीच सारखं ठेवायचं नाही, नाहीतर माणूस अंदाजाने दाबतो; मध्ये मध्ये मुद्दाम काहीच वाजवायचं नाही. आणि सूर संपले की शब्द. ती माइकवर शब्द वाचते, माणसाने ते परत म्हणायचे. त्या वेळी तोंडापुढे पुठ्ठा धरायचा. बहिरी होत आलेली माणसं ऐकत नसतात, ओठ बघत असतात, आणि हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नसतं. तिचा पुठ्ठा निळा होता, जुन्या फायलीतून कापलेला, हाताळून कडा मऊ झालेल्या. याखेरीज तिची एक ख्याती होती. खोटं बहिरेपण ती दहा मिनिटांत पकडायची. कामावरून सुटका हवी असलेले, घरच्यांना वैतागलेले, काय काय लोक येत. त्यांना मशीन फसवता यायचं, तिला नाही. सगळं संपल्यावर ती कागद आवरत, मान वर न करता, पुटपुटल्यासारखं म्हणायची, “झालं, पिशवी घ्या.” ठार बहिरा माणूस झटकन पिशवी उचलायचा. सर आल्यागेल्या पाहुण्यांना हा किस्सा रंगवून सांगत. गेल्या सात महिन्यांत त्यांनी तो सांगितला नव्हता. उलट गेल्या आठवड्यात त्यांनी तिला आत बोलावून दोन रिपोर्ट पुढे टाकले. डावा कान उजवीकडे गेला होता. “तुम्ही कुणाला तरी दाखवून घ्या,” सर म्हणाले, “नीट दाखवून घ्या. नाहीतर मला दुसरी व्यवस्था बघावी लागेल.” घरात आता तिचाच पगार येत होता, पण तिला भीती वाटली ती वेगळीच. हे मशीन, ही काच गेली तर दिवसभर ती कुणाच्या समोर बसणार? आरशाच्या?

परत आली तेव्हा सर जेवायला गेले होते आणि बाकावर दोघी बसल्या होत्या, एक म्हातारी, एक मध्यमवयीन. “माझ्या सासूबाई,” मध्यमवयीन बाई म्हणाली. “रेडिओ एवढा मोठा लावतात की शेजारचे आता आपला रेडिओ लावतच नाहीत.” म्हातारी खणखणीत आवाजात म्हणाली, “मला सगळं ऐकू येतं. हिला नीट बोलता येत नाही. तोंडात काहीतरी धरून बोलते.” सून हसली. हे रोजचं असावं. तिने सुनेला बाहेरच बसवलं आणि म्हातारीला आत घेतलं. “मावशी, मोठ्या आवाजाजवळ काम केलंय का कधी?” “छापखान्यात. एकतीस वर्षं. मशीन सुरू झालं की आपला श्वास आपल्याला ऐकू यायचा नाही. पण गप्पा म्हणून थांबल्या नाहीत आमच्या. सगळी लग्नं, सगळी बाळंतपणं तिथेच बोलून झाली.” ती हो हो म्हणत कागदावर लिहीत होती: छापखाना, ३१. सूर संपेपर्यंत खुर्ची भिंतीकडे तोंड करून असते, माणसाला मशीनवरचे हात दिसू नयेत म्हणून. म्हातारीने ती उचलून खिडकीकडे फिरवली. “भिंतीकडे बघत बसायला मी काय शिक्षा झालेली आहे का?” दुसरा कुठलाही दिवस असता तर तिने खुर्ची परत फिरवायला लावली असती. आज तिने दार लावलं, रबर फुस्स करून बसलं, आणि काचेतून दोघी एकमेकींसमोर आल्या.

उजवा कान. खालचे सूर म्हातारीने व्यवस्थित टिपले. बारीक सुरांकडे जाताना दिवा लागेनासा झाला. ती आवाज वाढवत गेली आणि पेन्सिलीने आलेखावर खुणा करत गेली. रेघ घसरत चालली होती, यंत्रांजवळ काम केलेल्यांची घसरते तशीच. मग एक मोकळी जागा सोडायची म्हणून तिने हात उचलला. काही वाजत नव्हतं. काचेपलीकडे म्हातारी बटणावर अंगठा ठेवून शांत बसली होती, तिच्याकडे बघत. कसली घाई नाही, पेन उचललेलं नाही, रुमालांचा डबा नाही. फॉर्म खिशात कडक लागत होता. साडेचारला त्या मॅडमपुढे जाऊन बसलं की सुरुवात कुठून करायची, एवढं तरी पाठ करून ठेवावं असं तिच्या मनात आलं. एकदोनदा ती संध्याकाळी त्या आवाजबंद खोलीत एकटी बसली होती, सराव करायला, पण आत स्वतःच्या कानातलं रक्त एवढं वाजायचं की तिला बाहेर पळावं लागायचं. मशीनच्या खोलीत आत्ता तिच्याखेरीज कुणी नव्हतं, सुनेकडचं दार बंद होतं. तिने माइकची कळ बघितली. बंद होती. लाल दिवा बंद. तिने पुन्हा एकदा बघितलं.

“माझा नवरा तुरुंगात आहे,” ती म्हणाली. आपलाच आवाज तिला घशातून न येता टेबलावरून आल्यासारखा वाटला. म्हातारी हलली नाही. “लोक विचारतात, तुला माहीत नव्हतं का. नव्हतं. खरंच नव्हतं.” मग तिला थांबता येईना. एके दिवशी संध्याकाळी तो घरी एक हूक घेऊन आला होता, स्टीलचा, साधा, न्हाणीघराच्या दाराला असतो तसा. आत बारीक तार सुटली होती. दुकानात चोऱ्या होतात, काउंटरवर लावायचाय, तुझा हात बारीक कामाला बसलेला आहे, एवढं जोडून दे. श्रवणयंत्रांच्या तारा जोडायचं तिचं भिंग, तिचा चिमटा, तिची सोल्डरिंगची डागणी घरीच होती. चार मिनिटांचं काम. तो शेजारी चहाचा कप घेऊन उभा होता. भिंगाखाली तो हूक एवढा मोठा दिसत होता, त्याच्या वाकणावरचा प्रत्येक ओरखडा दिसत होता, आणि तेव्हा तिच्या मनात आलं: काउंटरवर कपडे कोण अडकवतं? “एवढंच आलं मनात,” ती काचेला म्हणाली. “अगदी घशापर्यंत आलं. मी मान वर केली. तो माझ्याकडे बघत होता, आणि त्याला कळलं होतं की माझ्या घशात काय आहे. आणि मी काय विचारलं माहितीये? मी विचारलं, अजून चहा हवा का. मला हवं होतं की त्याने हो म्हणावं आणि मी तिथून उठावं. तो हो म्हणाला. मी उठले. नंतर पावणेदोन वर्षं मी रोज त्याला विचारू शकत होते. मी विचारलं नाही.”

मशीनवर दिवा लागला. तिने दचकून हात बघितला. सुराच्या कळीवर तिचं बोट नव्हतं, काहीच वाजलं नव्हतं. लोक असं करतात. बराच वेळ शांतता गेली की त्यांना वाटतं काहीतरी आलं असेल. सवयीने तिने समासात पेन्सिलीची फुली मारली: खोटा प्रतिसाद. आणि सवयीनेच पुढे बोलत राहिली, आता हळू, जवळजवळ आवाज नसल्यासारखी. माझ्याकडे लोक बहिरे असल्याचं नाटक करत येतात आणि मी त्यांना पकडते. माझ्या घरात मी ते नाटक केलं आणि मला कुणी पकडलं नाही. पोलिसांनाही मी तेच ऐकवलं. आता खरं सांगायला गेले तर पहिल्या दिवशी का नाही सांगितलं म्हणून विचारतील, आणि नाही सांगितलं तर मला रात्रंदिवस तो हूक दिसतो. ती मुलगी कॉलरची बटणं लावून बसते. आणि मला तो अजूनही आवडतो. याला कुठे ठेवू? एवढं बोलल्यावर ती एकदम रिकामी झाली. तिने नाक पुसलं, डावा कान पूर्ण केला, एकही खूण चुकली नाही. मग माइकची कळ चालू केली, निळा पुठ्ठा तोंडापुढे धरला आणि शब्दांची यादी घेतली.

“सात.” “हात,” म्हातारी म्हणाली. “शाळा.” “माळा.” “दोरी.” “दोरी.” “केस.” म्हातारी गप्प. दहातले सहा चुकले. ती चक्रावली. दहातले सहा चुकणारं माणूस बाहेर बाकावर इतकं सफाईने भांडत होतं? म्हातारी एका शब्दाला थबकली नव्हती, काय म्हणालात असं एकदाही विचारलं नव्हतं. मग तिच्या हातातला पुठ्ठा तिला जड लागायला लागला. खिडकीकडे फिरवलेली खुर्ची. एकतीस वर्षं. सगळी लग्नं, सगळी बाळंतपणं. ती तोंडाने हो हो म्हणत होती आणि कागदावर आकडा लिहीत होती. एकोणीस वर्षांत हजार माणसांना ती सांगत आली होती, तुम्ही ऐकत नाही, ओठ बघता. तिने माइकची कळ बंद केली. पुठ्ठा सावकाश खाली घेतला. आणि आवाज अजिबात न काढता, नुसते ओठ हलवून म्हणाली, झालं, पिशवी घ्या.

म्हातारीने हेडफोन काढला आणि पिशवी उचलली.

दार उघडेपर्यंत तिला पळून जायला भरपूर वेळ होता, पण बाहेर जायचं दार एकच होतं, सुनेकडचं. म्हातारी बाहेर आली, तिच्या समोरच्या स्टुलावर बसली आणि पिशवी पायापाशी ठेवली. त्या बंद दारापलीकडे सून बसली होती. “मध्ये एकदा बटण दाबलं मी,” म्हातारी आपल्या नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाली. “ते चुकून नव्हतं हं.” तिने नुसती मान हलवली. आता म्हातारी काहीतरी बरं बोलेल, पोरी तुझा काय दोष म्हणेल, डोक्यावरून हात फिरवेल, आणि आपण तिसऱ्या डॉक्टरच्या खुर्चीत परत जाऊन बसू, असं तिला वाटलं. किंवा सुनेला हाक मारेल. म्हातारीने दाराकडे एकदा बघितलं. मग पुढे झुकली आणि आवाज न काढता, छापखान्यात मशीनपलीकडच्या बाईशी बोलावं तसं, एकेक शब्द सुटा करत ओठ हलवले. एकोणीस वर्षं काचेमागचे ओठ बघून तिलाही थोडं वाचता येत होतं. विचारायला पाहिजे होतंत तुम्ही.

“हो,” ती म्हणाली.

हे ती सात महिन्यांत पहिल्यांदा कुणाच्या तोंडावर कबूल करत होती. आता ते परत घेता येणार नव्हतं. इतके दिवस ते एकाच डोक्यात होतं, आता दोन डोक्यांत झालं, आणि दुसरं डोकं कुठल्या बसने घरी जातं हेही तिला माहीत नव्हतं. म्हातारी मात्र पिशवीत चष्म्याचं घर शोधत होती. “परत कधी यायचं?” तिने खणखणीत विचारलं. “पुढच्या मंगळवारी. कानाचं माप घ्यावं लागेल, मशीन बसवायला.” “मंगळवारी. बरं.” म्हातारी उठली, दारात सुनेने विचारलं, काय निघालं, आणि म्हातारी जवळजवळ खुशीत म्हणाली, “कमी ऐकू येतं म्हणे मला. तू बोलतेस नीट.”

त्या गेल्यावर तिने रिपोर्ट पुढे ओढला. समासातली फुली खोडली पाहिजे होती, ते खोटं नव्हतं. खोडरबरने ती खोडली आणि खरी खूण कुठे करायची ते बघत राहिली. आलेखावर सुराची पट्टी होती, आवाजाची पट्टी होती. जे वाजलंच नव्हतं त्याला तिथे जागा नव्हती. तिने रिपोर्ट तसाच सरांच्या टेबलावर ठेवला. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजायला आले होते. मग तिने खिशातून फॉर्म काढला, घड्या तळहाताने सपाट केल्या आणि खोडता येऊ नये म्हणून पेन्सिल बाजूला ठेवून पेन घेतलं. ‘इतर : स्पष्ट करा’ पुढचा ‘प’ तिने काट मारून खोडला. त्याच्या पुढे लिहिलं, मी विचारलं नाही. शिक्क्याच्या अलीकडे सगळं मावलं. खाली तारीख घातली, सही केली, आणि कोट खुंटीला अडकवायला गेली. खुंटीपाशी हात क्षणभर थांबला. शेवटी कोट खुर्चीच्या पाठीवर टाकून ती बाहेर पडली.